मुखपान, एप्रिल

सकाळी सीर्काने विचारलं,
"हे पान उघडल्यावर माणसाला आधी काय दिसतं?"
मी म्हणाले, सगळं.
ती म्हणाली, म्हणजे काहीच नाही.

खिडकीबाहेर ओउलूचा समुद्र अजून गोठलेला,
पण त्याचा पांढरेपणा करड्याकडे झुकलेला,
कडेचा टवका उडालेल्या जुन्या बशीसारखा.

मोजले. मुखपानावर एक्केचाळीस दुवे.
"नवीन! आवृत्ती दोन आली आहे!"
ती आली तेव्हा माझ्या मुलीचे दुधाचे दात पडत होते.
आता ती गाडी चालवते.
लाल चौकटीत धोक्याची सूचना,
ज्या यंत्रासाठी होती ते भंगारात जाऊन नऊ वर्षं झाली,
तरी चौकट ओरडतेच आहे
मालक गेल्यावरही दारात भुंकणाऱ्या कुत्र्यागत.
"लवकरच येत आहे", अशी एक ओळ.
काय येत होतं, कुणालाच आठवेना.
आणि दोन ठिकाणी "इथून सुरुवात करा",
दोन्ही वाटा एकमेकींकडे बोट दाखवणाऱ्या.

आमचा प्रोग्राम पाण्याची पातळी मोजतो.
त्याच्या मदतीच्या पानावर लोक येतात ते
रात्री दोनला, बंधाऱ्यावरून, हातमोजा दातात धरून.
त्यांना इतिहास नको असतो.

पुसायला लागतं काय? एक कळ.
तरी हात अडतो.
कुणीतरी बसून लिहिलं होतं हे,
स्वल्पविरामासकट.

माझे वडील बर्फावरचा रस्ता आखायचे,
किनाऱ्यापासून हायलुओतो बेटापर्यंत.
जानेवारीत गिरमिटाने भोकं पाडून
पन्नास पन्नास पावलांवर फांद्या रोवायच्या,
वादळात वाट हरवू नये म्हणून.
आणि एप्रिलमध्ये त्याच फांद्या उपटायच्या,
पोटावर आडवं होऊन, कमरेला दोर बांधून,
कारण बर्फ तोवर बेइमान झालेला असायचा.
आठ वर्षांची मी. विचारलं होतं,
राहू द्या ना, फांद्या कुणाचं काय खातात?
ते दोर गुंडाळत म्हणाले,
"फांदी दिसली की माणूस विश्वास ठेवतो."

मग मी काढत गेले.
दुपारपर्यंत तीस. कॉफीनंतर आणखी सहा.
एकही ओळ खोटी नव्हती.
तिच्याखालचं पाणी तेवढं सुटलं होतं.

शेवटी उरली तळाची बारीक अक्षरं:
"अडलात तर ओइवाला विचारा. खोली २१४."
२१४ मध्ये आता कागद फाडायचं यंत्र आहे.
ओइवाला जाऊन दोन हिवाळे झाले.
ही ओळ मी सकाळपासून टाळत होते,
पानावरून बोट नेताना
झोपलेल्याला ओलांडावं तशी.

वाटलं, राहू दे. कुणाचं काय खाते?
मग नोंदी पाहिल्या.
मागच्या महिन्यात अकरा जणांनी तिच्यावर टिचकी मारली होती.
अकरा जणांनी ओइवाला विचारलं,
आणि वाट पाहत बसले.

काढली.
काढल्यावर पान इतकं शांत झालं
की खोलीतला हीटर ऐकू यायला लागला.
त्या जागी लिहिलं, "अडलात तर मेर्याला विचारा."
पुढे आजची तारीख घातली,
म्हणजे उपटणाऱ्याला कळेल
फांदी कधीची आहे.
फार खोल रोवलेली नाही.

सीर्का येऊन उभी राहिली, ओल्या बुटांनी.
सवयीने पान वर सरकवायला गेली.
पान हललं नाही.
"एवढंच?"
एवढंच.
तिने परत एकदा सरकवून पाहिलं.